आईच्या वेलीचं शून्य

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. प्रयोगशाळेत जेवणाचा डबा उघडला तेवढ्यात आईचा फोन आला.

"ऋतू, यंदा बरणी बोलत नाही गं."

आमच्या घरी बरणी बोलते. वीस लिटरची काचेची बरणी, तोंडाला घट्ट बूच, बुचातून निघालेली वाकडी नळी पाण्याच्या पेल्यात सोडलेली. द्राक्षाचा रस आंबायला लागला की वायू सुटतो आणि पेल्यात गुडुक गुडुक बुडबुडे येतात. पहिले दहा दिवस तर ती इतकी बडबडते की घरात दुसऱ्या कुणाला बोलायची संधी मिळत नाही. आईला तेच हवं असतं. करंजवाडीतल्या त्या घरात ती एकटीच राहते.

"थंडीने झालं असेल," मी म्हणाले.

"थंडी मला कळत नाही व्हय? गोधडी गुंडाळली. यीस्ट तीनदा बदललं. टाकलं की जरा फुगतं आन् मरतं."

"आणि निरख काय म्हणतंय?"

"तुझं यंत्र म्हनतंय शून्य. त्याच्या मते सगळं झकास आहे. बरणीला ते पटत नाही, त्याला मी काय करू?"

मी हसले. पण डबा झाकून ठेवला. कारण यीस्ट खोटं बोलत नाही. त्याला तेवढी अक्कलच नसते.

थोडं मागून सांगते. सहा वर्षांपूर्वी सरकारने वर्षाला शंभर लिटरपर्यंत वाईन घरी करायला मुभा दिली आणि नाशिक जिल्ह्यात अंगणातल्या, गच्चीवरच्या, गोठ्यावरच्या सगळ्या वेलींना एकदम भाव आला. अट एकच होती: द्राक्षात औषधाचा अंश मर्यादेच्या आत हवा. आमच्याकडे कीटकनाशकाला, बुरशीनाशकाला, सगळ्यालाच औषध म्हणतात. बागाईतदाराला त्याचं वेळापत्रक पाठ असतं, पण अंगणातल्या वेलीवर कोणी काय मारलं, शेजारच्या बागेतून वाऱ्याने काय उडून आलं, हे कसं कळणार? नुसतं धुऊन भागत नाही. काही औषधं सालीवर बसतात, ती थोडीफार निघतात. काही पानातून आत शिरून गरापर्यंत पोचतात. त्यांना नळाखाली धरा नाहीतर गंगेत बुडवा, ती जागची हलत नाहीत.

म्हणून आमच्या प्रयोगशाळेने निरख बनवलं. दिसायला विजेरीसारखं. द्राक्षावर धरायचं, बटण दाबायचं. आत गेलेला प्रकाश परत येताना ज्या ज्या रेणूवर आपटला त्याची खूण घेऊन येतो. साखरेची खूण वेगळी, सालीवरच्या पांढुरक्या मेणाची वेगळी, औषधाची वेगळी. अडचण अशी की द्राक्ष मणभर आणि औषध कणभर. त्यामुळे आधी निव्वळ द्राक्षाच्या खुणा यंत्राकडून पाठ करून घ्यायच्या आणि मग प्रत्येक वेळी त्या वजा करायच्या. उरेल ते औषध. या पाठांतरासाठी उघड्यावर वाढलेलं, पण औषधाचा थेंबही न लागलेलं द्राक्ष लागतं. त्याला आम्ही कोरा नमुना म्हणतो. नाशिक जिल्ह्यात असं द्राक्ष शोधणं म्हणजे वरातीत झोपलेला माणूस शोधण्यासारखं होतं.

माझ्या आईकडे ते होतं.

ही वेल अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी लावली. जुनी हिरवी बियांची जात, स्वयंपाकघराच्या दारापासून अंगणभर मांडवावर चढवलेली. अण्णा एका वायनरीच्या तळघरात कामाला होते आणि सकाळी धाकट्या भावाबरोबर, त्र्यंबकतात्यांबरोबर, बागेत औषध मारत. पन्नाशीत त्यांचे हात थरथरायला लागले. पुढे पेला धरवेना, तेव्हा ते खुर्चीत बसून सांगत आणि आई करे. अशी ती वाईन शिकली. डॉक्टर म्हणाले, या आजाराला एक असं कारण सांगता येत नाही. आईने कारण स्वतःच ठरवलं. अण्णांच्या तेराव्याला तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "माझ्या अंगणात पुन्हा औषधाचा थेंब पडायचा नाही." तात्या म्हणाले, "वहिनी, औषधाशिवाय द्राक्षं व्हत नसतात. वेल जाईल." बोलायची ती वेळ नव्हती, हे तात्यांना आयुष्यात कधी कळलेलं नाही. त्या दिवसापासून दोघांचा अबोला. मधे एक बांध, आणि नऊ वर्षं.

पाच वर्षांपूर्वी मी आईची द्राक्षं पहिल्यांदा प्रयोगशाळेत नेली, मोठ्या यंत्रावर तपासली. औषध शून्य. पुढच्या चार वर्षांत निरखचं सगळं पाठांतर त्याच वेलीवर झालं. दरवर्षी नवा घड, नवं पाठांतर. मोठ्या यंत्रावर पुन्हा तपासणी मात्र झाली नाही. वर्तक मॅडम, आमच्या प्रमुख, एकदा म्हणाल्याही होत्या, "ऋतुजा, तपासून घेतेस ना?" मी म्हणाले, "मॅडम, आईची द्राक्षं आहेत."

जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाने हे वाक्य पुरावा म्हणून धरलं नसतं. मी धरलं.

मी करंजवाडीला जाऊन बरणीतला रस आणला आणि मोठ्या यंत्रात घातला. हे यंत्र प्रकाशाच्या भानगडीत पडत नाही, एकेक रेणू सुटा करून तोलतं. दुपारी निकाल आला. एक नाही, चार औषधं. त्यातलं एक बुरशीनाशक मर्यादेच्या तिप्पट. यीस्ट हीसुद्धा बुरशीच. पानं जाळणारी करप्याची बुरशी कोण आणि यीस्ट कोण, हे त्या औषधाला काय ठाऊक? त्याने आपलं काम केलं होतं.

आणि निरख म्हणत होतं शून्य. म्हणजे चार वर्षं आम्ही त्या औषधांच्या खुणा द्राक्षाच्याच समजून यंत्राकडून पाठ करून घेतल्या होत्या. आता जगातल्या कुठल्याही द्राक्षात ती चार औषधं असली तरी निरख त्यांना वजा करून टाकणार होतं. एक मार्चला चाळीस हजार यंत्रं घरोघरी जायची होती. बरोबरच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर वेलीखाली उभ्या असलेल्या आईचा फोटो होता.

 मग जे करायला नको होतं ते केलं. औषधाचा रेणू तुटत जातो, त्याचे तुकडे मागे राहतात. किती अख्खे आणि किती तुटलेले हे मोजलं की ते कधी मारलं हे एखाद्या दिवसाच्या फरकाने कळतं. चारही औषधं वेगळी, म्हणून चारही तारखा वेगळ्या निघाल्या. मी त्या कॅलेंडरवर मांडल्या. चारही गुरुवारच्या आसपास पडत होत्या. गुरुवारी वणीचा बाजार असतो आणि सकाळी दहा ते एक आई घरी नसते.

औषधांचा क्रमही ओळखीचा होता. चांगला फवारणारा दर वेळी औषध बदलतो आणि प्रत्येकाचा आपापला क्रम ठरलेला असतो. हा क्रम मला लहानपणापासून पाठ होता. सुट्टीत त्या पंपाची नळी मीच धरायची.

तात्या बागेत घडांना कागद गुंडाळत होते. उन्हाने मण्यांचा रंग जाऊ नये म्हणून गुंडाळतात तो गुलाबी कागद. मला बघून ते आधी खूश झाले, मग माझ्या तोंडाकडे बघून कागद खाली ठेवला.

"तात्या, आईच्या वेलीला औषध मारता?"

मला वाटलं, नाही म्हणतील. तात्यांना खोटं बोलायचा कंटाळा आहे.

"चार सालं झाली," ते म्हणाले. "त्या साली पानं बघितली व्हती का तू? पार करपली व्हती. दादाच्या हातची वेल डोळ्यादेखत वाळत चालली, आन् मी बांधावर उभा राहून बघू? वहिनीला सांगितलं असतं तर तिनं मलाच करपवला असता."

"पण यंदा काढणीच्या वीस दिवस आधी मारलंत. चाळीस दिवस सोडायला हवे होते."

"चाळीस सोडलेत!" तात्या तावातावाने म्हणाले. "नव्वदाव्या दिवशी मारलं. मोजून!"

आमच्याकडे द्राक्षाचं वय छाटणीपासून मोजतात आणि एकशेतिसाव्या दिवसाच्या आसपास काढणी येते. कोणत्याही बागाईतदाराला आजची तारीख विचारा, तो आधी छाटणीपासूनचा दिवस सांगेल.

"नव्वदावा कुणाच्या छाटणीपासून, तात्या?"

त्यांनी मान वळवून आमच्या मांडवाकडे पाहिलं. दरवर्षी दोन्हीकडची छाटणी एकाच आठवड्यात व्हायची. पण यंदा आईच्या डोळ्याचं ऑपरेशन सप्टेंबरात ठरलं होतं, म्हणून तिने वीस दिवस आधीच वेल छाटून घेतली होती. तात्यांचा नव्वदावा तो तिच्या वेलीचा एकशेदहावा. अबोल्यात कोण कुणाला छाटणीची तारीख सांगतो?

"मणी दाबून बघायचे ना, पिकत आलेला मऊ लागतो," मी म्हणाले.

"चोरासारखा आलो व्हतो गं. चोर कधी मणी दाबून बघत बसतो का?" ते बांधावर खाली बसले. "वहिनी प्याली तर नाही ना?"

"आंबलीच नाही, तर पिणार काय? आधीच्या वर्षांची काळजी नको. तेव्हा तुमचे चाळीस दिवस खरे होते. राहिलेलं बरंचसं गाळाबरोबर खाली बसलं असणार."

"मंग झालं तर. वहिनीला सांगू नको, ऋतू. तिच्याकडं तेवढंच आहे."

तात्या खरं बोलत होते, हीच पंचाईत होती. नवऱ्याच्या माघारी माझ्या आईने एकच गोष्ट धरून ठेवली होती: हे अंगण औषधाचं नाही. सांगावं तर तिचं तेवढंही जातं. न सांगावं तर चाळीस हजार घरांतलं यंत्र आंधळं राहतं आणि त्या घरांतल्या बरण्या प्रत्येक वेळी गप्प बसून इशारा देतीलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्तक मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"किती जणांना माहीत आहे हे?"

"तुम्हाला आणि मला. आणि काकांना."

"मग आता सगळ्यांना सांगू या," त्या म्हणाल्या. "एक मार्च रद्द. काचघरातली द्राक्षं चालणार नाहीत, त्यांच्या सालीवरचं मेण निराळं असतं. उघड्यावरचा कोरा नमुना पुन्हा शोधायचा, म्हणजे एक हंगाम गेला. चूक तुझी आहे आणि माझीही आहे, मी सही केली होती." मग जरा थांबून म्हणाल्या, "परवा जाहीर करावं लागेल. आईंना पेपरातून कळायला नको."

आई अंगणात हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. मी तिच्यासमोर पाटावर बसले आणि सांगून टाकलं. आडवळणाने सांगायचं ठरवलं होतं, पण तिच्यासमोर मला ते कधी जमलेलं नाही.  सोललेले दाणे वाटीत आणि सालं सुपात, हात चालू होते. मी नाव घेतलं नव्हतं.

"गुरुवारी," ती शेवटी म्हणाली. "बाजारातून आले की आपलं कुत्रं भाऊजींच्या बांधावर शेपूट हलवत उभं असायचं. मला वाटायचं, हे मला बघून हलवतंय."

मी मान खाली घातली.

"त्या पहिल्या सालचं शून्य? ते तरी खरं व्हतं का?"

"ते खरं होतं, आई."

"त्या साली वेल मरत व्हती. पुढच्या साली पालवली, तेव्हा मी तुझ्या अण्णांच्या फोटोला हार घातला. म्हनलं, तुम्ही राखली." तिने सूप बाजूला ठेवलं. "आन् मी वेडी चार सालं सगळ्या गावाला सांगत हिंडले."

मला तिची फार दया आली आणि स्वतःची लाज वाटली. मी तिचा हात धरायला गेले, तर तिने तो सोडवून घेतला, उठली आणि पायात चपला सरकवल्या. बांध ओलांडून ती सरळ तात्यांच्या बागेकडे निघाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी मागे पळाले. मला वाटलं, आता गाव गोळा होणार.

तात्या शेडपाशी उभे होते. आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. धाप लागली होती.

"भाऊजी, औषध मारताना तोंडाला काय बांधत व्हते?"

"ऑं?"

"मास्क व्हता का? चष्मा? हातात मोजे?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही काही कळेना. "वहिनी, ते सगळं चढवून तुमच्या अंगणात शिरलो असतो तर गावाला दिसलं असतं ना. तसाच येत व्हतो. गडबडीत."

"म्हंजे उघड्या तोंडानं. मांडवाखाली उभं राहून, वर पंप धरून. सगळं अंगावर घेत. चार सालं." आईचा आवाज चढला. "एक गेला, तेवढ्यानं भागलं नाही का तुमचं? हात पुढं करा."

"वहिनी—"

"हात पुढं करा म्हनते!"

साठीच्या त्या माणसाने शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात पुढे केले. आई खाली वाकून बघत राहिली. मीही बघत होते. बोटांना भेगा, नखांत चीक, पण हात स्थिर होते. जरासुद्धा हलत नव्हते.  मग तात्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि हात थरथरायला लागले. मी घाबरले.

"हे रडन्याचं आहे," आई म्हणाली. तिने दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले. "यानं काही व्हत नाही."

परत येताना तिने तात्यांचा फवारणीचा हातपंप काखेत मारून आणला आणि धान्याच्या कोठीमागे ठेवून दिला. तो नापास झालेला वीस लिटर रस आम्ही प्रयोगशाळेच्या कचऱ्यात पाठवला. बरणी धुताना ती म्हणाली, "तुला तो कोरा नमुना पुन्हा पाहिजे ना? याच वेलीचा देऊ. या खेपेला खरा."

"वेल जाईल, आई. तात्या म्हणतात तेही खोटं नाही."

"तात्यांनाच कामाला लावते."

आणि लावलं. त्या वर्षी आमच्या अंगणात जे चाललं होतं ते बघायला माणसं येत. औषधाऐवजी चार हात. रोज सकाळी दोघं मांडवाखाली. तात्या शिडीवर, आई खाली टोपली घेऊन. डाग पडलेलं पान दिसलं की खुडायचं, टोपलीत टाकायचं, लांब नेऊन जाळायचं. तात्यांच्या बागेतल्या फवाऱ्याचा वारा इकडे वळू नये म्हणून त्यांनी आपल्याच बांधालगतच्या चार ओळी त्या हंगामापुरत्या न फवारता सोडून दिल्या. ऑक्टोबरात छाटणीनंतर आठ दिवस पाऊस लागला, तेव्हा तात्या कासावीस झाले. मला फोन करून म्हणाले, "ऋतू, एकदाच मारतो गं, अर्धाच डोस. तुझ्या यंत्राला काय कळतंय."

"त्याला कळावं म्हणून तर चाललंय ना, तात्या."

"तेही खरंच," ते म्हणाले आणि फोन ठेवून पानं खुडायला गेले.

त्यांची भांडणं होत. नऊ वर्षांची राहिलेली सगळी एकदम होत होती. आई म्हणे, तात्या चांगली पानंही खुडतात. तात्या म्हणत, वहिनीला नव्या डोळ्यानेही डाग दिसत नाही. दहा वाजता चहा, आणि पुन्हा भांडण. मी फोन केला की आई म्हणायची, "थांब गं, भाऊजींशी भांडतेय, मग बोलते." घरात बरणी नव्हती, पण आवाजाची कमी नव्हती.

जानेवारीत वेलीवर अकरा घड उरले. मणी बारीक, काही तडकलेले. वेल पार खंगली होती, निम्म्या काड्या वाळल्या होत्या. वाईनचा प्रश्नच नव्हता. आईने ते अकरा घड पेपरात गुंडाळून माझ्या हातात दिले, लेकीला सासरी पाठवताना द्यावेत तसे.

या वेळी मी काही म्हणजे काही गृहीत धरलं नाही. एकेक घड मोठ्या यंत्रावर तीनदा तपासला. वर्तक मॅडम शेजारी उभ्या होत्या. दोन दिवसांनी शेवटचा कागद हातात आला. मग निरखने नवं पाठांतर केलं, जुनं सगळं पुसून टाकलं आणि मी मुद्दाम फवारलेला एक मणी त्याच्यासमोर धरला. त्याने चारही औषधं नावानिशी सांगितली.

मी फोन लावला.

"आई, शून्य आलं. खरंखुरं. अकराच्या अकरा घडांचं."

 फोन तोंडापासून दूर नेऊन ती मोठ्याने ओरडली, "भाऊजी, शून्य आलं!" दहावीला मला नव्वद टक्के पडले तेव्हाही ती इतकी ओरडली नव्हती. मग पुन्हा फोनवर आली. "आता तुझं यंत्र खरं सांगेल? औषध मारल्यावर ते किती दिवसांनी उतरतं, कधी खायचं, कधी नाही?"

"सांगेल, आई. आता सांगेल."

मागून तात्यांचा आवाज आला. "वहिनी, वेलीचे हाल बघवत नाहीत. मारू का आता?"

आईच्या चपलांचा आवाज मांडवाकडे गेला. मग एक वाळकी काडी कडकन मोडल्याचं ऐकू आलं.

"मारा," ती म्हणाली. "पण मी घरी असताना मारा."